पांढरीतला निळा खडा

रासायनिक तपासणी करणाऱ्या माणसाकडे लोक दोन कारणांनी येतात. आपल्याला कोणी फसवले आहे काय हे पाहण्यासाठी, किंवा आपण केलेली फसवणूक पकडली जाईल काय हे पाहण्यासाठी. तिसऱ्या कारणाने आलेली माणसे माझ्या साऱ्या नोकरीत फार थोडी. संपादकांनी मला ‘धंद्यातल्या गमती’ लिहावयास सांगितले आहे. गमती आहेत, त्या आधी उरकतो.

सोलापुरात गिरणीच्या भोंग्याच्या टापूत आमची खासगी प्रयोगशाळा होती. दोन खोल्या आणि मागे पत्र्याची पडवी. बॉयलरचे पाणी, चादरीचे रंग, करडईचे तेल, खते आणि द्राक्षबागांत फवारावयाचे मोरचूद, असा माल तपासणीस येई. एकदा नातेपुत्याचे एक गृहस्थ धोतराच्या चिंधीत गुंडाळलेला चमकता दगड घेऊन आले. विहीर खणताना सोने लागले, अशी त्यांची खात्री होती. तपासून मी सांगितले, की हे लोखंड आणि गंधक आहे. ते म्हणाले, “गंधक असतं तर वास आला असता की.” मी दगड तापवून दाखवला. खोलीभर वास सुटला. त्यांनी नाकाला पदर लावावा तसे उपरणे लावले, दगड पुन्हा गुंडाळला आणि जाताना म्हणाले, “तुमच्याकडची सोन्याची औषधं संपली असतील. भरून ठेवा.”

दुसरे एक चादरीचे रंगारी. त्यांच्या लाल चादरी पहिल्याच धुण्यात पांढऱ्या पट्ट्यांवर उतरत. रंग तपासला, चांगला निघाला. पाणी तपासले, तेही चांगले. ते वैतागून म्हणाले, “रंग चांगला, पाणी चांगलं, मग वाईट काय? माझं नशीब?” मी म्हणालो, “तुमची घाई. कपडा पुरता उकळत नाही तुम्ही.” ते पुन्हा आले नाहीत. गमती संपल्या.

प्रयोगशाळेचे मालक वयाने माझ्याहून बरेच मोठे होते. सारे त्यांना अण्णा म्हणत. घरात कानडी, बाहेर मराठी. त्यांनी पहिल्या दिवशी मला एकच नियम सांगितला: विचारले तेवढेच उत्तर. गिऱ्हाइकाने खतातला नत्र विचारला तर स्फुरदाविषयी तोंड उघडायचे नाही. आमच्या छापील अहवालाच्या तळाशी ‘शेरा’ असा एक रकाना होता. तो नेहमी कोरा राही. अण्णा म्हणत, “शेरा मारायला कोर्टं आहेत, मास्तर आहेत. आपण आकडा द्यायचा आणि गप्प बसायचं.” नियम चांगला होता. त्याच्यामुळे आम्ही कधी अडचणीत आलो नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा होता. मोहोळ तालुक्यात सीना नदीच्या अलीकडे एका गावी पाझर तलावाचे काम चालू होते. गावाचे नाव लिहीत नाही. आसपासच्या पाच-सहा गावांची माणसे तेथेच पालाखाली राहत. तलावाच्या बांधाला माती हवी म्हणून जवळची पांढर खणावयास घेतली होती. पांढर म्हणजे जुन्या, उजाड झालेल्या वस्तीचे टेकाड. आपल्याकडे अशी टेकाडे पुष्कळ आहेत. त्यांतली मऊ पांढुरकी माती लोक धाब्याच्या घरांसाठी पिढ्यान् पिढ्या नेत आले आहेत. मातीबरोबर खापरे, मणी, हाडे निघतात. मणी पोरांकडे जातात, बाकीचे माती होते.

त्या कामावरचे एक पोलीस फौजदार एके दिवशी दुपारी आमच्याकडे आले. बरोबर कागदाच्या पुडीत एक खडा होता, सुपारीएवढा. रंग गडद निळा. त्यांच्या मागोमाग डोक्याला टॉवेल बांधलेला एक माणूस आला आणि पायरीवरच बसला.

फौजदारांनी जे सांगितले ते असे. कामावर पाणी वाटण्यासाठी कोंडाबाई नावाची एक विधवा नेमली होती. विहीर आटत आलेली, पाणी गढूळ. गढूळ पाण्याच्या भांड्याला आतून तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, हे आपल्याकडे कोणत्याही बाईला माहीत असते. कोंडाबाईची तुरटी संपली. पांढरीत निळे खडे सापडत होते. ही एक जातीची तुरटीच आहे अशा समजुतीने तिने एक खडा रोज पिंपाच्या आतल्या अंगाला घासावयास सुरुवात केली. आठवड्याभरात कामावर ढाळ-वांत्या लागल्या. चार माणसे दगावली. त्यांत कोंडाबाईच्या मुलीची मुलगी चंद्री होती, सहा वर्षांची. ती आजीपाशीच असे. पिंप उपडे केले तर तळाशी निळा गाळ. कोणीतरी म्हणाले, मोरचूद. मग सारेच म्हणू लागले. बाईला लोकांनी मारले असते. फौजदारांनी तिला मोहोळच्या कचेरीत आणून बसवले होते.

“म्हणजे तिला विष घालायचं नव्हतं,” मी म्हणालो.

“ते मलाही कळतं हो. स्वतःच्या नातीला कोण घालील? पण चुकून घातलं तरी माणसं मेलीच ना? व्हिसेरा पुण्याला पाठवलाय. तिथलं उत्तर कधी येईल ते देवाला ठाऊक. तोवर मला एक शब्द पाहिजे. या खड्यात तांबं आहे का नाही? असलं तर मोरचूद, नसलं तर सोडून देतो. व्हय किंवा नाही.”

पायरीवरचा माणूस म्हणाला, “त्यो मोरचूद न्हाय, साहेब.”

“हा तिचा भाऊ. सिद्राम,” फौजदार म्हणाले. “सकाळपासून मागे लागलाय.”

“म्या द्राक्षाच्या बागंत मोरचूद कालवलाय. जिभंला लावला की तोंड आकसतंय. ह्यो चाटून बघितला. काय बी न्हाय.”

“तुला पुरावा चाटायला कुणी सांगितलं रे?”

“कुणी न्हाय. अजून जिता हाय न्हवं?”

“संध्याकाळपर्यंत बघू,” फौजदार म्हणाले. अण्णा हसले. सिद्राम हसला नाही.

वाचकांना रसायनाची ओळख असेलच असे नाही, म्हणून सांगतो. मोरचूद म्हणजे तांब्याचा गंधकाम्लातला क्षार. पाण्यात साखरेसारखा विरघळतो आणि पाणी निळे होते. पोटात गेल्यास ओकाऱ्या, ढाळ, आणि जास्त गेल्यास मृत्यू. कोंडाबाईच्या कामावर जी लक्षणे दिसली ती या विषाशी जुळत होती. अडचण ही, की ती लक्षणे आणखी एका गोष्टीशीही जुळत होती, आणि तिचे नाव कामावर कोणी घेत नव्हते. पटकी, म्हणजे कॉलरा, म्हटले की काम बंद, आणि काम बंद म्हणजे चूल बंद.

मी खड्याचा एक कोपरा फोडून त्याची पूड केली आणि पाण्यात हलवली. पूड खाली बसली, वर पाणी स्वच्छ राहिले. एवढ्याने मोरचूद बाद झाले. सौम्य आम्लात टाकली, रंग जसाच्या तसा. कपड्यांची नीळ असती तर आम्लात पांढरी पडून कुजक्या अंड्यांचा वास आला असता. तांब्याचे निळे खनिज असते तर फसफसून विरघळले असते. झाडाची नीळ असती तर ज्योतीवर जळून गेली असती. हा खडा ज्योतीत लाल होईपर्यंत धरला. निवल्यावर पुन्हा निळाच.

असा हट्टी पदार्थ फोडावयाचा असल्यास सोड्याबरोबर वितळवावा लागतो. अण्णांच्या कपाटात कुलपात ठेवलेली प्लॅटिनमची मूस होती. ती मागितली तेव्हा त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले, पण दिली. थोडी पूड वितळवून, आम्लात उतरवून, त्यातून वाळू वेगळी काढली. उरलेल्या द्रावात अमोनिया घातला. द्राव गडद निळा झाला. हा रंग एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. तांबे होते, आणि भरपूर होते. चुनाही निघाला.

अण्णा मागे येऊन उभे राहिले होते. “सापडलं की तांबं. प्रश्न तांब्याचा, उत्तर तांब्याचं. द्या लिहून आणि मोकळे व्हा.”

“तसं लिहिलं तर बाई आत जाईल.”

“आपण पाठवतो काय? आपण आकडा दिला.”

“आकडा खरा आहे, अण्णा. त्याचा अर्थ खोटा लागणार आहे.”

ते म्हणाले, “अर्थ लावायचं दुकान आपलं नव्हे,” आणि बाहेर गेले. त्यांचे म्हणणे चूक होते असे मी आजही म्हणणार नाही. आमच्यासारख्या धंद्यात जो अर्थ लावू लागतो, तो उद्या गिऱ्हाइकाच्या सोयीचा अर्थ लावू लागतो. ते असे होताना मी इतरत्र पाहिले आहे.

फौजदारांना मी आठवड्याची मुदत मागितली. त्यांनी ती कुरकुरत दिली.

तांबे, चुना आणि वाळू. या तीन वस्तूंचा निळा पदार्थ निसर्गात खाणीतून असा निघत नाही, एवढे मला ठाऊक होते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दोन संध्याकाळी बसून उरलेले कळले. हा रंग माणसाने केलेला आहे. कदाचित माणसाने भट्टीत घडवलेला पहिलाच रंग. चार हजार वर्षांपूर्वीही मिसर देशात, म्हणजे इजिप्तात, तो जुना होता. तेथे खाणीतला निळा दगड फार दुरून येई आणि राजालाच परवडे; म्हणून तेथल्या कारागिरांनी वाळू, चुना, तांब्याचा कीस आणि थोडा क्षार एकत्र भाजून तो रंग हाताने केला. पुढे रोमच्या लोकांनी त्याचे गोळे करून देशोदेशी विकले. त्यांच्या साम्राज्याबरोबर ही विद्या बुडाली आणि शेकडो वर्षे तो कोणाला करता आला नाही. रोमच्या व्यापाऱ्यांची नाणी, मणी, काच आपल्या दख्खनच्या जुन्या पेठांत सापडतात. त्यांच्याबरोबर हा रंगही एखाद्या गोणीतून मोहोळकडे आला असावा. कोण्या चिताऱ्यासाठी आला, की कोणा धनिकाच्या भिंतीसाठी, ते सांगता येत नाही. गाव मेले, रंग राहिला.

पुस्तकात वाचलेले कोर्टात चालत नाही. म्हणून मी तो करून पाहिला. सीनेची वाळू धुऊन बारीक दळली. तिच्यात चुना आणि सोडा मिसळला. तांब्यासाठी मी मोरचूदच घेतले, त्याचा तांब्याचा कार्बोनेट केला. हे सारे विजेच्या भट्टीत ठेवले. पहिल्या खेपेस उष्णता जास्त झाली. हिरवी काच हाती आली. दुसऱ्या खेपेस भट्टीचे तोंड घट्ट लावल्यामुळे हवा कमी पडली; लालसर, मळकट ढेकूळ निघाले. तांब्याला हवा मिळाली नाही की ते असे रूप बदलते. तिसऱ्या खेपेस काच वितळेल त्याच्या थोडी खाली आच ठेवली, झाकण किलकिले ठेवले आणि भट्टी दिवसभर तशीच चालू दिली. मुशीतून निघालेले ढेकूळ निळे होते. पांढरीतल्या खड्याशेजारी ठेवले तर वेगळे ओळखू येईना, फक्त खड्याच्या भेगांत माती होती.

जे मोरचूद माणसाला मारते, तेच वाळू आणि चुन्याबरोबर भाजले की त्यातले तांबे वाळूत असे कोंडले जाते, की आम्ल त्याला बाहेर काढू शकत नाही. हे सिद्ध करणे हाच खरा प्रश्न होता. माणसाच्या जठरात जेवढे आम्ल असते तेवढ्याच तीव्रतेच्या आम्लात मी खड्याची आणि माझ्या ढेकळाची पूड अंगाइतक्या उबेला दिवसभर ठेवली. गाळून अमोनिया घातला. निळसर छटादेखील आली नाही. कोंडाबाईने पिंपाला खडा घासला नसता, सबंध खडा दळून पाण्यात घातला असता, तरी त्या खड्याने कोणी मेले नसते.

मधल्या काळात सिद्राम रोज येत असे. मोहोळहून येणाऱ्या मालमोटारीत बसून यायचा आणि पायरीवर बसायचा. तिसऱ्या दिवशी मी त्याला दोन धुतलेल्या बाटल्या दिल्या आणि विहिरीचे पाणी आणावयास सांगितले.

“ईहिरीचं कशाला, साहेब? तिच्यात कुणी काय टाकलं न्हाय.”

“टाकलं नसेल. वाहून आलं असेल.”

त्याने बाटल्या टॉवेलात गुंडाळल्या आणि म्हणाला, “पालं समदी ईहिरीच्या वरल्या अंगाला हायती. माणसं तितंच बसत्यात.” त्याला समजले होते. पाणी त्याने आणले. तपासणीत जे निघावयाचे ते निघाले. मैल्याच्या खुणा रसायनालाही दिसतात. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही.

मी अहवाल लिहिला. ‘तांबे आहे काय?’ या प्रश्नापुढे ‘आहे’ असे लिहिले. मग शेऱ्याचा रकाना भरला. हा पदार्थ तांबे, चुना व वाळू यांचा भट्टीत केलेला प्राचीन रंग असून पाण्यात वा जठराच्या आम्लात उतरत नाही; यातील तांबे पोटात जाऊन बाधणार नाही; आपण तांब्याच्या घागरीतले पाणी पितो त्यात जेवढे तांबे उतरते त्याहूनही कमी यातून पाण्यात येते. विहिरीचे पाणी मैल्याने दूषित आहे, ते पिण्यास अयोग्य आहे. रकाना पुरला नाही. मागे लिहावे लागले.

सही अण्णांची लागे. त्यांनी अहवाल दोनदा वाचला. “विहिरीबद्दल आपल्याला कुणी विचारलंय?”

“कोणी नाही.”

“कामावर कळलं तर दगड मारतील तुम्हाला.”

“मी तिकडे जाणार नाही.”

“मीही नाही जाणार,” ते म्हणाले आणि सही केली. मग टोपण बंद करीत म्हणाले, “हा रकाना पुढच्या छपाईला काढून टाकू.” आणि खरोखर काढून टाकला.

फौजदारांनी अहवाल वाचला, घागरीच्या वाक्याशी थांबले आणि मान हलवली. कोंडाबाईला त्यांनी दुसऱ्या दिवशी सोडले. विहिरीत औषध टाकले गेले, पाले हलवली गेली. त्यासाठी काम काही दिवस बंद राहिले आणि तेवढ्या दिवसांची हजेरी बुडाली. ती बुडाली म्हणून लोकांनी शिव्या दिल्या त्या कोंडाबाईलाच. विष नसेल, पण तिच्यापायी काम बंद पडले, एवढे त्यांना पुरेसे होते. मृत्यू मात्र थांबले. हे मी अभिमानाने लिहितो; बाकी काही अभिमानाने लिहिण्यासारखे नाही.

पंधरवड्याने सिद्राम तिला घेऊन प्रयोगशाळेत आला. तिला गावात राहू दिले नव्हते. तो तिला माढ्याकडे एका नातेवाइकाच्या वस्तीवर पोचवावयास निघाला होता. बाई उंच आणि वाळलेली होती. अण्णांनी खुर्ची पुढे केली. ती खाली बसली.

“ही म्हणत हुती, साहेबास्नी एकदा इचारायचंय,” सिद्राम म्हणाला. “म्या सांगितलं, समदं लिवून दिलंय त्येंनी. ऐकंना.”

मी म्हणालो, “विचारा.”

“त्यो खडा इख न्हवता न्हवं?”

“नव्हता.”

“पान्यात उतरत न्हाय?”

“नाही.”

“मंग गाळ कसा खाली बसायचा? म्या खडा फिरवला की वरलं पाणी लई निर्मळ व्हायचं. आरशावानी.”

“गाळ आपोआप बसतो, बाई. भांडं हलवलं नाही की बसतो. खड्यानं काही होत नव्हतं.”

तिने हे ऐकून घेतले. टेबलावर माझे भट्टीतले ढेकूळ पडले होते. त्याच्याकडे तिने पाहिलेही नाही.

“मंग आमची चंद्री कशानं गेली?”

लेखी उत्तर मी आधीच दिले होते, म्हणून तेच सांगितले. “पाण्यानं. विहिरीतच घाण होती.”

“निर्मळ दिसायचं की.”

“निर्मळ पाण्यातही असते ती. दिसत नाही.”

बाहेर गिरणीचा भोंगा झाला.

“पाणी म्याच पाजलं की,” कोंडाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “वरलं निर्मळ पाणी आदी चंद्रीला द्यायची. मग बाकीच्यास्नी.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिले.

सिद्राम उठला. त्याने तिच्या दंडाला धरून तिला उभे केले, पदर तिच्या डोक्यावर नीट केला. “चल अक्का,” तो म्हणाला. “माढ्याची यष्टी लागली असंल.”